दार, पहारेकरी आणि खेळ : फायरवॉलचा इतिहास

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. हातमागाच्या विणकामासाठी ते फार पूर्वीपासून ओळखले जाई. विणकराचे घर हे नुसते राहण्याचे घर नसते. ज्या दारातून सूत आत येते त्याच दारातून विणलेले कापड बाहेर जाते. व्यापाऱ्याला घर माहीत असते, तो येऊन दार ठोठावतो आणि त्याला आत घेतले जाते. घराला पत्ता असणे याचा अर्थच असा की आपण बाहेर जाऊ शकतो आणि बाहेरचाही आपल्याकडे येऊ शकतो.

आज अशा गावातल्या घरांतही इंटरनेट आहे. घरातील मूल जगातल्या कोणत्याही संगणकाला हाक मारू शकते आणि उत्तर मिळवू शकते. पण बाहेरच्या कोणी होऊन या घराला हाक मारली, तर ती बहुधा आत पोहोचतच नाही. मोठ्यांना ही गोष्ट सहसा जाणवत नाही, कारण आपण बातम्या वाचतो, चित्रफिती पाहतो, पैसे पाठवतो, आणि या सर्व कामांत हाक आपणच मारत असतो. जाणवते ती मुलांना, आणि तीही खेळताना. एखादा विद्यार्थी आपल्या संगणकावर खेळाचे यजमानपद घेतो, सावनेरच्या मित्राला त्यात यायला सांगतो, आणि पडद्यावर ‘जोडणी होऊ शकली नाही’ किंवा ‘नॅट : स्ट्रिक्ट’ अशी अक्षरे उमटतात. कोणी जाणकार सांगतो, ‘फायरवॉल आहे.’

उत्तर बरोबर आहे, पण त्याने काहीच कळत नाही. ही भिंत कोणी बांधली? केव्हा आणि कशासाठी? ती पाडावी की राखावी? भिंतीचा इतिहास पाहिल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

भिंतीपूर्वीचे जाळे

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी ही नवी संदेशपद्धती स्वीकारली. आजचे इंटरनेट याच पद्धतीवर उभे आहे. माहितीची लहान लहान पाकिटे करायची, प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालायचा आणि ती मार्गस्थ करायची, अशी ही पद्धत. पत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्याने एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होतात. काही शेकडा संगणकांच्या त्या काळात ४२९ कोटी पत्ते कधी संपतील असे कोणाच्या मनात येणे कठीणच होते.

पत्त्याबरोबर पाकिटावर आणखी एक आकडा असतो. त्याला पोर्ट म्हणतात. पत्ता हे घर मानले, तर पोर्ट हा घराच्या दाराचा क्रमांक होय. टपालासाठी २५ क्रमांकाचे दार, वेबपानांसाठी ८० क्रमांकाचे दार, अशी वाटणी ठरलेली आहे. एकूण दारे ६५,५३६.

या रचनेमागे एक विचार होता. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी तो १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नीट मांडला. मधल्या जाळ्याने शक्य तो फक्त पाकिटे वाहून न्यावीत. शहाणपण दोन्ही टोकांच्या यंत्रांत असावे. या विचारात यजमान आणि पाहुणा असा भेद नव्हता. प्रत्येक यंत्र बोलणारे आणि ऐकणारेही होते.

पहिले कारण : भय

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून शिरत असे, आणि त्याच यंत्रात पुनःपुन्हा शिरल्यामुळे ते यंत्र कामाच्या ओझ्याने बसत असे. त्या वेळच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली असा अंदाज नेहमी दिला जातो. ज्या मोकळेपणावर जाळे उभे होते, तोच मोकळेपणा या किड्याने वापरला होता.

मग भिंती उठू लागल्या. नागपूरकरांना हे समजणे अवघड नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा चांद सुलतान याने नागपूरभोवती तट बांधला. त्याच्या दरवाजांपैकी महालातील जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. तटाचा उपयोग केवळ अडवण्यासाठी नसतो. ये-जा ठरावीक दरवाजांतून व्हावी आणि तेथे पहारेकऱ्याला प्रत्येकाची विचारपूस करता यावी, हा त्याचा खरा उपयोग. संगणकाच्या फायरवॉलचे नाव मात्र इमारतींवरून आले. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये बांधलेली न जळणारी भिंत ती फायरवॉल.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील जेफ्री मोगल यांनी १९८९ साली पाकिटावरील पत्ता व दार पाहून ते पुढे जाऊ द्यायचे की नाही हे ठरवण्याची पद्धत मांडली. १९९० साली बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेस्विक यांनी आपल्या संस्थेचे सुरक्षित प्रवेशद्वार कसे रचले याचे वर्णन केले. बाहेर कडक कवच आणि आत मऊ गर, अशी त्यांनी त्याला उपमा दिली. हा पहिला पहारेकरी केवळ चेहरा पाहून ठरवणारा होता. १९९४ च्या सुमारास बाजारात आलेला दुसऱ्या पिढीचा पहारेकरी स्मरणशक्ती असलेला होता. सकाळी आतून कोण कोठे गेले हे तो लक्षात ठेवी, आणि संध्याकाळी त्याच्याच उत्तरादाखल कोणी आले तर आत सोडी. न बोलावता आलेल्याला मात्र दरवाजा बंद.

आजच्या घरगुती राउटरमध्ये बसलेला पहारेकरी हाच आहे. आतला बाहेर हाक मारू शकतो, बाहेरचा आत मारू शकत नाही, याचे पहिले कारण हे.

खेळ जाळ्यात येतात

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध झाला. एकाच कार्यालयाच्या जाळ्यातील चार जणांना तो एकत्र खेळता येई. त्याच्या पहिल्या आवृत्त्या आपली पाकिटे ज्याची त्याला न देता सर्वांच्या नावाने दवंडी पिटत. चार जण खेळत असले तरी जाळ्यातील प्रत्येक यंत्राला ती दवंडी ऐकावी लागे आणि कामकाज मंदावे. अमेरिकेतील अनेक कंपन्यांनी व विद्यापीठांनी खेळावर बंदी घातली. खेळ आणि जाळ्याचा व्यवस्थापक यांच्यातील हे पहिले मोठे भांडण. पुढच्या आवृत्तीत दवंडी बंद झाली.

१९९६ साली आलेला ‘क्वेक’ इंटरनेटवर खेळता येत असे. त्यासाठी २६००० क्रमांकाचे दार उघडे असावे लागे, आणि त्याची पाकिटे यूडीपी या जातीची होती. हा फरक विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. टीसीपी हे पोचपावतीचे रजिस्टर टपाल. हरवले तर पुन्हा पाठवले जाते. यूडीपी हे साधे कार्ड. पोचले तर पोचले. खेळाला साधे कार्डच हवे असते, कारण खेळाडू अर्ध्या सेकंदापूर्वी कोठे होता ही बातमी पुन्हा पाठवून काही उपयोग नसतो. पहारेकऱ्याला मात्र कार्डांचा संशय येतो. रजिस्टर टपालात संभाषणाची सुरुवात व शेवट स्पष्ट असतो. कार्डांत तो नसतो. त्यामुळे कडक फायरवॉल टपाल व वेबपाने जाऊ देई आणि खेळाची पाकिटे अडवी.

दुसरे कारण : टंचाई

आता ४२९ कोटी पत्त्यांकडे वळू. मोठमोठे गठ्ठे सुरुवातीलाच वाटले गेल्यामुळे १९९० नंतर पत्ते पुरणार नाहीत असे दिसू लागले. मे १९९४ मध्ये येल्ड इगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा सुचवला. त्याचे नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्स्लेशन, थोडक्यात नॅट.

मोठ्या वाड्याची कल्पना करा. वाड्यात वीस बिऱ्हाडे, पण टपालाचा पत्ता एकच. दारात दिवाणजी बसलेला. आतून पत्र बाहेर जाताना दिवाणजी त्यावर वाड्याचा पत्ता घालतो आणि कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र पाठवले हे वहीत टिपतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य बिऱ्हाडी देतो. न बोलावलेले पत्र आले, तर वहीत नोंद नसल्यामुळे ते कोणाला द्यावे हेच त्याला कळत नाही. तो ते टाकून देतो. दिवाणजी पहारेकरी नाही. त्याला कोणाचा संशय नाही. तरीही परिणाम तोच होतो.

सुचवणाऱ्यांना याची जाणीव होती. हा तात्पुरता उपाय आहे, आणि त्यामुळे पत्त्याचा टोकापासून टोकापर्यंतचा अर्थ हरवतो, असे त्यांनी स्वतःच नोंदवले होते. तात्पुरता उपाय तीस वर्षे टिकला.

भारतात काय झाले? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळच्या स्वस्त ‘शेल’ खात्यात घरच्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसे. फोनवरून निगमच्या यंत्राशी जोडून घ्यायचे आणि त्या यंत्राचा दूरचा पडदा म्हणून काम करायचे, एवढेच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला. बहुसंख्य भारतीय घरे इंटरनेटवर आली ती त्यानंतर. म्हणजे आपण वस्तीला पोचलो तेव्हा प्लॉट संपले होते.

कंपन्यांनी मग वाड्याबाहेर आळीच्या तोंडाशी आणखी एक दिवाणजी बसवला. अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता. घर आणि हा मोठा दिवाणजी यांच्यातील वापरासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवले गेले. घरच्या राउटरमध्ये दार उघडले तरी आळीचा दिवाणजी आपल्या हाती नसतो. ‘स्ट्रिक्ट’ या शब्दामागे पुष्कळदा हेच कारण असते. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या एक्सबॉक्स लाइव्ह या खेळसेवेमुळे ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट हे तीन शब्द मुलांच्या तोंडी रुळले.

भिंतीला भोक पाडण्याची युक्ती

दोन्ही घरांत दिवाणजी; दोघेही न बोलावलेले पत्र टाकून देणारे. मग खापा आणि सावनेर येथील दोन मुले थेट कशी बोलणार? या कोड्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात खेळ लिहिणाऱ्यांनीच शोधले. डॅन केगल यांनी १९९९ साली ते प्रथम लेखी मांडले.

दोन्ही मुले आधी एका मध्यस्थाला हाक मारतात. या मध्यस्थाचा पत्ता सर्वांना माहीत असतो. आलेल्या पाकिटावरून त्याला दोघांचे बाहेरून दिसणारे पत्ते व दारे कळतात, आणि तो ते एकमेकांना सांगतो. मग दोघेही एकाच वेळी एकमेकांना पाकीट पाठवतात. पहिली पाकिटे बहुधा वाया जातात. पण पाठवता पाठवता प्रत्येकाच्या दिवाणजीच्या वहीत नोंद होते की आमच्याकडून त्या पत्त्याला पत्र गेले आहे. त्यानंतर येणारे पाकीट दिवाणजीला उत्तर वाटते आणि तो ते आत देतो. मध्यस्थ बाजूला होतो.

ब्रायन फोर्ड, पैडा श्रीसुरेश आणि केगल यांनी २००५ साली ही युक्ती निरनिराळ्या यंत्रांवर तपासली. यूडीपीच्या बाबतीत सुमारे ८२ टक्के नॅट-यंत्रांवर ती चालली. उरलेल्यांतले काही दिवाणजी प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवे दार वापरतात. मध्यस्थाने सांगितलेले दार त्यामुळे निरुपयोगी ठरते. तेथे एकच उपाय उरतो. सर्व पाकिटे कायम तिसऱ्या यंत्रामार्फत पाठवायची.

तिसऱ्याच्या अंगणात

आज बहुतेक लोकप्रिय खेळ हा अखेरचा उपाय पहिल्यापासूनच वापरतात. खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि प्रत्येक मूल त्याला आतून हाक मारते. त्यामुळे भिंतीची अडचण येत नाही. सर्व्हरवर लबाडी पकडणेही सोपे जाते. परंतु त्याची दोन प्रकारची किंमत मोजावी लागते.

पहिली किंमत भौतिकशास्त्राची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईला, सुमारे ८०० किलोमीटरवर असेल, तर खाप्याहून निघालेला संदेश सावनेरला पोचेपर्यंत १,६०० किलोमीटर जातो. त्याला कमीत कमी ८ मिलिसेकंद लागतात. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर सरळ रेषेतले अंतर धरूनही सुमारे ७,००० किलोमीटर आणि ३५ मिलिसेकंद. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. शेजारच्या गावातल्या मित्राची हालचाल दोन चित्रे उशिरा दिसते. प्रत्यक्षात तारेचे वळण आणि वाटेतील यंत्रे यांमुळे उशीर आणखी वाढतो. थेट जोडणीतही पाकिटे दोन कंपन्यांच्या तारा जेथे मिळतात तेथवर जाऊन येतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी किंमत मालकीची आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ मोबाइल ॲप्सवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होते. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतासाठीची त्याची सेवा बंद झाली आणि ज्यांच्या फोनवर खेळ होता त्यांचाही तो थांबला. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. खेळ तिसऱ्याच्या अंगणात असला की अंगणाचे फाटक तिसऱ्याच्याच हाती राहते, एवढेच दाखवायचे आहे. सरकार मध्ये नसतानाही असे घडते. खेळाडूंची गाठ घालून देणारी गेमस्पाय ही सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली आणि अनेक जुने खेळ एकत्र खेळणे अशक्य झाले. उलट ‘डूम’ची संहिता डिसेंबर १९९७ मध्ये खुली करण्यात आली. ज्यांना खेळायचे आहे ते स्वतः यजमान होऊन तो आजही खेळतात.

शिस्तीची भिंत

भय आणि टंचाई यांखेरीज भिंतीचे तिसरे कारण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. मार्च २००७ मध्ये मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.ने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मुले रात्रभर इंटरनेटवर व खेळांत रमतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, अशी कारणे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

ही भिंत चोरासाठी नाही आणि पत्त्यांच्या तुटवड्यामुळेही नाही. ती घड्याळासारखी आहे. शाळेत किंवा घरी अशी भिंत घालायला हरकत नाही. पण ती शिस्तीची आहे हे मुलांना सांगून घालावी. ‘फायरवॉल आहे, इलाज नाही’ असे म्हटले की आपण एका निर्णयाला निसर्गनियमाचे रूप देतो. मुले चौकस असतात. ती वळसा शोधतात आणि अनोळखी माणसाचे फुकट प्रोग्रॅम यंत्रात घालून बसतात. तो धोका खेळापेक्षा मोठा आहे.

दार उघडावे का?

खेळासाठी दार उघडण्याचे दोन मार्ग राउटरमध्ये असतात. पहिल्यात आपण स्वतः अमुक क्रमांकाचे दार अमुक यंत्राकडे वळवतो. दुसऱ्यात, यूपीएनपी या सोयीने, आतला प्रोग्रॅमच राउटरला दार उघडायला सांगतो आणि घरच्यांना ते कळतही नाही. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने जाळे तपासले, तेव्हा केवळ घरातल्यांना उत्तर द्यायचे ती यूपीएनपी बाहेरून विचारणाऱ्यालाही उत्तर देत असल्याचे ८ कोटींहून अधिक पत्त्यांवर आढळले.

याचे परिणाम २०१६ साली दिसले. ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम उघड्या दारांचे कॅमेरे व राउटर शोधी आणि कारखान्यातून आलेले सुमारे ६० परवलीचे शब्द लावून आत शिरे. अशा लाखो यंत्रांची फौज त्याने उभी केली. त्याची संहिता उघड झाल्यावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मिराई लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण होते, आणि त्यांच्या उद्योगाची मुळे ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या खेळाच्या सर्व्हरधंद्यातील चढाओढीत होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

टंचाईचे कारण आता मावळत आहे. डिसेंबर १९९५ मध्ये मांडलेल्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा आहे. एकूण पत्ते ३४ वर ३७ शून्ये, इतके. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने प्रथमपासून ही पद्धत वापरली, आणि भारत तिच्या वापरात आघाडीच्या देशांत आला. दिवाणजीची गरज संपत आहे. पण पहारेकरी आहे आणि तो असावा. फरक एवढाच की यापुढे दार बंद असेल, ते पत्ता नाही म्हणून नव्हे, तर कोणीतरी तसे ठरवले म्हणून. ते घरच्यांनी ठरवावे, कंपनीने की खेळ विकणाऱ्याने, हा प्रश्न उद्याच्या नागरिकांचा आहे. म्हणून त्यांना दाराचे शास्त्र शिकवले पाहिजे असे आम्हांला वाटते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. विद्यार्थ्यांनी पालकांच्या समक्ष घरच्या राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १०, १९२.१६८ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर आळीच्या तोंडाशी आणखी एक दिवाणजी आहे असे समजावे. यूपीएनपी चालू आहे की बंद आणि कारखान्याचा परवलीचा शब्द बदलला आहे की नाही, हेही पाहावे. पत्ते व परवलीचे शब्द कोणालाही न सांगता, किती घरांत एक दिवाणजी व किती घरांत दोन, एवढ्याच आकड्यांचा तक्ता वर्गात करावा. नंतर चर्चेसाठी विचारावे : आपल्या घराला कोणी बाहेरून हाक मारावी असे आपल्याला कोणत्या कामासाठी वाटेल?